तेरीज जुळली, हिशेब जुळला का?

वहीच्या काळात महिनाअखेरीची तेरीज ही हिशेबनिसाची परीक्षाच असे. नावेची बेरीज एक यायची, जमेची दुसरी, आणि पंधरा रुपयांच्या फरकासाठी तो रात्री उशिरापर्यंत खतावणीची पानं उलटत बसायचा. तो फरक डोकं उठवायचा, पण कामही करायचा. तो शोधताना राहून गेलेली पावती, उलटा लिहिलेला आकडा, भलत्याच नावावर चढलेली रक्कम असं बरंच काही हाती लागायचं.

संगणकावर हा फरक पडतच नाही. नावे आणि जमा सारखी झाल्याखेरीज सॉफ्टवेअर नोंद घेतच नाही, त्यामुळे तेरीज कायम जुळलेली. एका पाटलांचे पैसे दुसऱ्या पाटलांच्या खात्यात पडले, तरी जुळते. घरचा किराणा दुकानाच्या खर्चात गेला, तरी जुळते. मंगळवारची अख्खी विक्री लिहायची राहिली, तरीही जुळते.

म्हणून सॉफ्टवेअर घेतल्यावर आधी एक समजूत सोडायची : जुळलेला ताळेबंद म्हणजे बरोबर ताळेबंद. पुस्तकं खरी आहेत की नाहीत हे पुस्तकांबाहेरचे साक्षीदार सांगतात. गल्ल्यातली रोकड, बँकेचं स्टेटमेंट, माल देणाऱ्याचा खातेउतारा, जीएसटी पोर्टल आणि गोदामातला माल, असे हे पाच साक्षीदार. त्यांच्याशी आकडे जुळवत राहणं हेच हिशेबाचं खरं काम. टायपिंग हा त्यातला सोपा भाग.

पुढची उदाहरणं तालुक्याच्या गावातल्या एका बांधकाम साहित्याच्या दुकानाची घेतली आहेत. वर्षाची उलाढाल ऐंशी लाख, जीएसटी नोंदणी आहे, मालक आणि एक मदतनीस एवढीच माणसं. तुमचा धंदा वेगळा असेल तर मालाची नावं बदला. पद्धत तीच राहते.

सॉफ्टवेअर कोणतं घ्यावं?

यावर फार दिवस घालवू नयेत. टॅलीप्राइम, बिझी, मार्ग, झोहो बुक्स, व्यापार यांपैकी कुठल्याही सॉफ्टवेअरमध्ये छोट्या दुकानाचा हिशेब नीट राहतो. निवड करताना तीन गोष्टी पाहा. नोंदी कोण करणार, वर्षअखेरीला तपासणार कोण आणि डेटा राहणार कुठे. बिल मोबाइलवरच करायचं असेल तर मोबाइलवर चालणारं घ्या. औषधांच्या दुकानात बॅच आणि मुदतीच्या तारखा सांभाळाव्या लागतात, तिथे त्या सोयी आहेत का ते पाहा. टॅलीची जमेची बाजू अशी, की ते येणारा माणूस तालुक्यातही मिळतो. खरेदीआधी तुमच्या सी.ए.ना जरूर विचारा, कारण डेटा शेवटी त्यांच्याच टेबलावर जाणार आहे. चोरीची प्रत वापरू नका. कराचे नियम बदलले की तिला सुधारणा मिळत नाहीत आणि डेटाही धोक्यात येतो. इथे उदाहरणांसाठी टॅलीप्राइम घेतलं आहे.

सुरुवातीच्या शिलका

सुरुवात १ एप्रिलपासून करणं सगळ्यांत चांगलं. ते हुकलं असेल तर तिमाहीच्या पहिल्या तारखेपासून करा : १ जुलै, १ ऑक्टोबर किंवा १ जानेवारी. मधल्याच एखाद्या तारखेला सुरू केलं, तर जीएसटीची विवरणं अर्धी वहीतून आणि अर्धी संगणकातून काढावी लागतात.

संगणक सुरू करण्याआधी कागदावर यादी करा. मोजलेली रोकड. प्रत्येक बँक खात्याची स्टेटमेंटशी जुळवलेली, न वटलेले धनादेश धरून काढलेली शिलक. गिऱ्हाईकनिहाय उधारी, तीही बिल क्रमांक आणि तारखेसह. माल देणाऱ्यांचं देणं. मोजलेला माल, खरेदीच्या भावाने. कर्जाची बँकेकडून घेतलेली बाकी. जागेची आणि वीजजोडणीची अनामत. जीएसटी पोर्टलवर शिल्लक असलेली करवजावट. काटा, रॅक, टेम्पो यांच्या किमती मागच्या ताळेबंदातून घ्या. भांडवलाचा आकडाही तिथूनच घ्यावा.

हे सगळं भरल्यावर टॅली कदाचित एक ओळ दाखवेल : ‘डिफरन्स इन ओपनिंग बॅलन्सेस’. संगणकातली तेरीज न जुळण्याची ही एकच जागा. इथे बहुतेक जण फरकाची रक्कम भांडवलात ढकलून मोकळे होतात. तसं करू नका. हा फरक म्हणजे बहुधा विसरलेली उधारी, धनादेश वटण्याआधी धरलेली बँक शिलक किंवा दोनदा मोजलेला माल असतो. पहिल्या दिवशी तो शोधायला एक दुपार जाते, दोन वर्षांनी तो सापडतच नाही. मागचा ताळेबंदच नसेल, तर मात्र मालमत्तेतून देणी वजा करून उरलेली रक्कम हेच तुमचं भांडवल.

खातं कोणत्या गटात?

टॅलीत कंपनी उघडली की अठ्ठावीस गट तयार मिळतात. खाती मात्र दोनच असतात, रोख आणि नफा-तोटा. बाकीची तुम्ही उघडायची आणि प्रत्येकासाठी गट निवडायचा. नोंदीतल्या बऱ्याच चुका इथूनच सुरू होतात, कारण एकदा चुकीचा गट दिला की त्या खात्यातली प्रत्येक नोंद चुकीच्या जागी जाते.

गिऱ्हाईक ‘संड्री डेटर्स’मध्ये, माल देणारा ‘संड्री क्रेडिटर्स’मध्ये, हे लवकर जमतं. गोंधळ होतो तो पुढच्या चार ठिकाणी.

पहिलं, कर्जाचा हप्ता. टेम्पोचा हप्ता १२,००० रुपये. त्यात व्याज ४,३०० आणि मुद्दल ७,७००. पूर्ण हप्ता खर्चात टाकला, तर नफा ७,७०० ने कमी दिसतो आणि कर्ज मात्र आहे तेवढंच राहतं. बँकेकडून परतफेडीचा तक्ता घ्या आणि दर महिन्याला व्याज खर्चात, मुद्दल कर्जाच्या खात्यात अशी फोड करा.

दुसरं, खरेदीवरचा कर. ५०,००० रुपयांचा रंग घेतला. १८ टक्क्यांप्रमाणे केंद्राचा ४,५०० आणि राज्याचा ४,५०० कर धरून बिल ५९,००० चं. खरेदी खात्यात ५०,००० च जातात. ९,००० रुपये ‘ड्यूटीज अँड टॅक्सेस’ गटातल्या इनपुट कराच्या दोन खात्यांत जातात, कारण ते पुढे वजा करून मिळणार आहेत. कंपोझिशन योजनेत असलेल्या दुकानदाराला ही वजावट मिळत नाही. त्याने पूर्ण ५९,००० खरेदीतच धरावेत.

तिसरं, मालकाची उचल. मुलाची फी, घरचं वीजबिल, आयुर्विम्याचा हप्ता दुकानाच्या पैशातून भरला, तर तो दुकानाचा खर्च नव्हे. भांडवल गटाखाली ‘उचल’ नावाचं खातं उघडा आणि ते सगळं तिथे टाका. वर्षअखेरीला घराला खरोखर किती लागतं, हेही कळतं.

चौथं, जास्त वर्षं टिकणारी वस्तू. दुकानात नवा संगणक घेतला तर तो ‘फिक्स्ड अ‍ॅसेट्स’मध्ये, त्याची शाई आणि कागद खर्चात.

खात्याला नाव देताना नुसतं ‘शिंदे’ लिहू नका. गावाचं नाव किंवा मोबाइलचे शेवटचे चार आकडे जोडा. नोंदणीकृत पार्टी असेल तर तिचा पंधरा अक्षरांचा जीएसटी क्रमांक भरा आणि पहिले दोन आकडे पाहा. महाराष्ट्राचा २७, गोव्याचा ३०. सावंतवाडीच्या दुकानदाराने पणजीहून माल आणला, की केंद्र आणि राज्य असे दोन कर लागत नाहीत, एकच एकात्मिक कर लागतो. पार्टीचं राज्य चुकलं की कराचं खातंही चुकतं.

रोज : गल्ला

रोजच्या कामाला फार थोडी बटणं लागतात. पैसे दिले तर एफ-५, आले तर एफ-६. विक्री एफ-८, खरेदी एफ-९. बँकेत रोकड भरली किंवा काढली तर एफ-४. पैशांची देवाणघेवाण नसलेली नोंद, उदाहरणार्थ घसारा, एफ-७ मध्ये. तारीख एफ-२ ने बदलते. टॅली आधीच्या नोंदीचीच तारीख धरून चालतं, म्हणून बसल्यावर पहिल्यांदा तारीख पाहा. सोमवारची विक्री शनिवारवर चढणं ही अगदी नेहमीची चूक.

दुकान बंद करण्याआधी रोकड मोजा. समजा सकाळची शिलक ३,२००. रोख विक्री १४,६५०, उधारीवसुली ५,०००. एकूण २२,८५०. गेले : हमाली ४५०, चहा १२०, मालकाची उचल २,०००, बँकेत भरणा १५,०००. मिळून १७,५७०. उरायला हवेत ५,२८०. गल्ल्यात निघाले ५,०३०. अडीचशे रुपये आजच आठवण्याची शक्यता आहे, परवा नाही. शोधूनही सापडले नाहीत, तर ‘रोख तूट-वाढ’ या खात्यात टाका. चहापाण्यात मुरवू नका. महिनाभरात त्या खात्यात तूटच तूट जमली, तर ती माहिती तुमच्या कामाची आहे.

पुस्तकातली रोख शिलक कधीही उणे दिसता कामा नये. गल्ल्यात उणे नोटा नसतात. उणे दिसली तर विक्री लिहायची राहिली आहे, किंवा मालकाने खिशातून घातलेले पैसे नोंदलेले नाहीत, किंवा तारीख चुकली आहे. रोखीने किती द्यायचं यालाही मर्यादा आहे. पुस्तकांप्रमाणे निघणाऱ्या नफ्यावर आयकर भरत असाल, तर एका माणसाला एका दिवसात १०,००० रुपयांपेक्षा जास्त रोख देऊन केलेला खर्च सहसा वजावटीत धरला जात नाही.

यूपीआयसाठी दुकानाचं वेगळं चालू खातं ठेवा. मालकाच्या बचत खात्याचा क्यूआर काउंटरवर लावला, की विक्री आणि घरचे पैसे एकमेकांत मिसळतात आणि मग ते वेगळे करायला तासन्तास लागतात. तुमच्या सेवेत दिवसभराचे पैसे एकत्र, दुसऱ्या दिवशी जमा होत असतील, तर ‘यूपीआय येणे’ असं मधलं खातं उघडा. विक्रीच्या वेळी तिथे नावे, बँकेत आल्यावर तिथे जमा. आठवड्याला त्या खात्याची बाकी पाहिली, की कोणत्या दिवसाचे पैसे अडकले आहेत ते लगेच दिसतं.

महिन्याला : बँक, पोर्टल, पार्टी

बँकेपासून सुरू करा. समजा पुस्तकात शिलक ८४,५०० आणि स्टेटमेंटवर १,००,८८२. हा १६,३८२ चा फरक चार गोष्टींचा निघाला. तुम्ही दिलेला १८,५०० चा धनादेश अजून वटलेला नाही. तुम्ही भरलेला ६,००० चा धनादेश अजून जमा झालेला नाही. बँकेने ११८ रुपये शुल्क कापलं. एका गिऱ्हाइकाने न सांगता ४,००० थेट खात्यात पाठवले. पहिल्या दोन गोष्टींसाठी काहीही लिहायचं नाही, त्या काळाबरोबर आपोआप मिटतील. शेवटच्या दोन मात्र पुस्तकात यायला हव्यात. त्या लिहिल्यावर शिलक ८८,३८२ होते. त्यात न वटलेले १८,५०० मिळवले आणि ६,००० वजा केले की बरोबर १,००,८८२. टॅलीत बँक खात्याच्या जुळवणीत प्रत्येक नोंदीपुढे बँकेची तारीख टाकली, की हा हिशेब आपोआप दिसतो. तीन महिने तारीख न मिळालेला धनादेश दिसला तर चौकशी करा. धनादेशाची मुदत तेवढीच असते.

मग जीएसटी पोर्टल. तुम्ही खरेदीवर दिलेल्या कराची वजावट मिळायला ते बिल तुमच्या जीएसटीआर-२बी मध्ये दिसावं लागतं, आणि ही यादी दर महिन्याच्या १४ तारखेला तयार होते. दरमहा विवरण भरणाऱ्याची जीएसटीआर-३बी ची तारीख २० आहे. म्हणजे जुळवणीला मधले पाच-सहा दिवस मिळतात. पाच कोटींपर्यंत उलाढाल असणाऱ्यांना तिमाही विवरणाची सवलत आहे. ती घेणाऱ्यांसाठी महाराष्ट्र आणि गोव्यात ही तारीख तिमाहीनंतरची २२.

यादी पुस्तकाशी ताडली की तीन ढीग पडतात. दोन्हीकडे असलेली बिलं, त्यांची काळजी नाही. पुस्तकात आहेत पण यादीत नाहीत, त्यांची वजावट या वेळी घेऊ नका. माल देणाऱ्याला फोन करा. त्याने विवरण भरलं नसेल किंवा तुमचा क्रमांक चुकवला असेल. आणि यादीत आहेत पण पुस्तकात नाहीत, ती बिलं बहुधा टेम्पोवाल्याच्या खिशात किंवा गोदामातल्या खिळ्याला अडकलेली सापडतात. माल आलाच नसेल, तर मात्र माल देणाऱ्याला विचारा. राहिलेली वजावट पुढच्या आर्थिक वर्षाच्या ३० नोव्हेंबरपर्यंतच घेता येते, हेही लक्षात असू द्या.

शेवटी पार्टी. मोठ्या चार-पाच माल देणाऱ्यांकडून दर महिन्याला खातेउतारा मागवा आणि आपल्या खात्याशी ओळ न ओळ ताडा. परत केलेल्या मालाची क्रेडिट नोट त्यांनी दिली का, ठरलेली सूट धरली का, ते इथेच कळतं. माल देणाऱ्याला १८० दिवसांत पैसे दिले नाहीत, तर घेतलेली करवजावट व्याजासह परत करावी लागते. म्हणून जुनी देणी तारखेनुसार पाहत जा.

उधारीसाठी खातं उघडतानाच बिलवार बाकी ठेवण्याचा पर्याय चालू करा. वसुली आली की ती कोणत्या बिलापोटी आली ते नोंदवा. मग ‘४२,००० येणे आहेत’ याऐवजी ‘त्यातले १९,००० नव्वद दिवसांपूर्वीचे आहेत’ असं उत्तर मिळतं, आणि फोन कोणाला करायचा हे ठरतं.

माल

प्रत्येक खिळ्याचा आणि नटबोल्टचा साठा सॉफ्टवेअरमध्ये ठेवायच्या फंदात पडू नका. दोन महिन्यांत ते काम बंद पडतं. किमतीने जड असलेला माल निवडा : सिमेंट, सळई, पाइप, रंगाचे मोठे डबे. त्यांचाच नगवार साठा ठेवा आणि आठवड्याला एका वस्तूची मोजणी करा. बाकीचा माल वर्षातून एकदा, ३१ मार्चला मोजा.

एकक नीट ठरवा. सळई टनात येते आणि किलोत जाते. खरेदी एका एककात आणि विक्री दुसऱ्यात लिहिली, तर साठा उणे होतो.

कराचा दर बदलला तर जुन्या दरावर नवा लिहू नका, नव्या दराला लागू होण्याची तारीख द्या. सिमेंटवरचा जीएसटी २२ सप्टेंबर २०२५ पासून २८ वरून १८ टक्के झाला. दर तारखेनिशी ठेवला असेल, तर त्याआधीचं बिल पुन्हा उघडलं तरी ते २८ नेच दिसायला हवं.

पुसू नका, रद्द करा

बिलांचे क्रमांक आर्थिक वर्षात सलग असावे लागतात आणि सोळा अक्षरांपेक्षा मोठे चालत नाहीत. चुकलेलं बिल पुसून टाकलं तर मधला क्रमांक गायब होतो. टॅलीत ऑल्ट-डी ने नोंद पुसली जाते. ऑल्ट-एक्स ने ती रद्द होते आणि क्रमांक जागेवर राहतो. गिऱ्हाइकाने माल परत केला असेल तर मूळ बिलाला हात न लावता क्रेडिट नोट काढा.

कोणी, कधी, काय बदललं याची नोंद ठेवणारी सोय नोंदणीकृत कंपन्यांना १ एप्रिल २०२३ पासून सक्तीची आहे. एकट्याच्या मालकीच्या दुकानाला किंवा भागीदारीला ती सक्ती नाही, तरीही चालू करा. मदतनिसाला वेगळं नाव आणि पासवर्ड द्या. विवरण भरून झालेल्या महिन्यात परस्पर बदल करू नये, हा नियम दोघांनाही सांगा.

बॅकअप

वीज गेली की चालू संगणकावरचा डेटा बिघडू शकतो, यूपीएस घ्या. रोज संध्याकाळी बॅकअप पेन ड्राइव्हवर घ्या आणि तो घरी न्या. आठवड्याला एक प्रत क्लाउडवर ठेवा. महिन्याला एकदा बॅकअप दुसऱ्या संगणकावर उघडून पाहा. न उघडणारा बॅकअप नसल्यासारखाच. डेटा कुलूपबंद करणारा टॅलीव्हॉल्ट पासवर्ड वापरत असाल, तर तो कागदावर लिहून तिजोरीत ठेवा. तो विसरलात तर परत मिळत नाही.

जीएसटी कायद्याप्रमाणे हिशेब वार्षिक विवरणाच्या अंतिम तारखेपासून ७२ महिने जपावे लागतात. २०२४-२५ चे कागद म्हणजे ३१ डिसेंबर २०३१ पर्यंत. पेट्रोलपंपाच्या किंवा मशीनच्या पावत्यांची छपाई काही महिन्यांत उडते, त्यांचा फोटो काढून ठेवा.

कोणी काय करायचं?

महिना संपला की चारच कागद छापा : बँक जुळवणी, २बी ची तफावत, नव्वद दिवसांवरची उधारी आणि ‘रोख तूट-वाढ’ खातं. चारही कागद दोन पानांवर मावत असतील तर पुस्तकं ठीक आहेत. पानं वाढत चालली, तर आधी नोंदींची शिस्त लावा, नवं सॉफ्टवेअर शोधू नका.

नोंदी करायला माणूस ठेवायला हरकत नाही. मात्र रोकड मोजणं, पार्टीला फोन करणं आणि या चार कागदांवर सही करणं मालकानेच करावं. बिलं टाकणारा आणि पैसे घेणारा एकच असेल, आणि जुळवणीही तोच करत असेल, तर साक्षीदारही त्याचेच होतात. मार्चअखेरीला सी.ए.कडे जाताना जुळलेला ताळेबंद प्रत्येकाकडे असतो. त्यासोबत बारा महिन्यांच्या सह्या केलेल्या जुळवण्याही नेल्या, तर त्या आकड्यांवर तुम्हाला, सी.ए.ला आणि उद्या कर्ज देणाऱ्या बँकेलाही विसंबता येईल.